दुपट्याची चौथी पट्टी

“ह्या दुपट्याची पट्टी इथल्या सिनेगॉगमध्ये ठेवायला देऊ नकोस, मेता. पोराला उचला आणि निघा... नुसतं गावातून नव्हे, ह्या देशातूनच निघा!”

लोथार आठ दिवसांचा झाला होता. सकाळीच सुंता होऊन त्याचं नाव ठेवलं गेलं होतं, घर पाहुण्यांनी भरलं होतं, टेबलावर खसखस लावलेला वेणीचा पाव होता, सफरचंदाचा केक होता, आणि अशा मंगल घडीला बाबेट वन्संनी हे शब्द उच्चारले! आठ दिवसांच्या कोवळ्या जिवाच्या डोक्यावर असली अभद्र वाणी? बाळाच्या आईने, मेताने, त्याला उराशी घट्ट आवळलं.

हिटलर सत्तेवर येऊन दोन महिने झाले होते, आणि त्याच दिवशी, एक एप्रिलला, देशभरातल्या ज्यूंच्या दुकानांवर बहिष्काराचा हुकूम सुटला होता. घरच्या, म्हणजे श्पीअरांच्या, कापडदुकानासमोरही तपकिरी गणवेशातले तिघे जण गळ्यात पाट्या अडकवून, पाय फाकवून उभे होते. पण तो होता शनिवार, म्हणजे शब्बाथ! श्पीअरांचं दुकान साठ वर्षांत एकाही शनिवारी उघडलेलं नव्हतं. कुलूप लावलेल्या दारावर बहिष्कार घालून ते तिघे सकाळपासून थंडीत कुडकुडत होते.

“अरे, त्यांना कॉफी तरी नेऊन द्या कुणी,” मेताचा नवरा ह्यूगो म्हणाला, “साठ वर्षांत आपल्या दुकानाला फुकटचे राखणदार पहिल्यांदाच मिळालेत!”

सगळी पंगत खदखदून हसली. मेताही हसली. हसली नाही ती फक्त ह्यूगोची थोरली बहीण.

“वन्सं, मी मारबुर्गला चार वर्षं इतिहास शिकलेय,” मेता जरा ठसक्यातच म्हणाली, “अशी माणसं वावटळीसारखी येतात नि वावटळीसारखी जातात.”

“असेल बाई, तुझ्या पुस्तकात तसं असेल. मी दहा घरांत जाऊन झग्यांची मापं घेते. तोंडात टाचण्या धरल्या की लोकांना वाटतं शिवणारणीला कानही नाहीत. काय काय बोलतात ते मी ऐकते ना...”

तिचं बोलणं तिथेच राहिलं, कारण पाहुण्यांतल्या कुणीतरी गाणं सुरू केलं होतं.

जर्मनीतल्या हेस प्रांताच्या खेड्यांत एक रीत आहे. सुंतेच्या वेळी मुलाला ज्या दुपट्यात गुंडाळतात ते धुऊन त्याच्या चार पट्ट्या कापायच्या, टोकाला टोक जोडून एक लांबलचक पट्टा करायचा, आणि त्यावर मुलाचं नाव, जन्मदिवस, ‘तोरा शिको, लग्नमंडपाखाली उभा राहो, सत्कर्म करो’ असा आशीर्वाद रेशमाने भरायचा. मूल तीन वर्षांचं झालं की तो पट्टा सिनेगॉगमध्ये द्यायचा, त्याने तोराची, म्हणजे धर्मग्रंथाची, गुंडाळी बांधायची, आणि मग तो कायमचा तिथल्या कपाटात राहायचा. गावातल्या प्रत्येक मुलाचा पट्टा गेली वीस वर्षं बाबेट श्पीअरच भरत आली होती. स्वतःचा संसार कधी मांडला नाही, धाकट्या भावाला आईविना वाढवलं... आता त्याच्या मुलाचं दुपटं तिच्याच हातांसाठी होतं, ह्यात शंका घ्यायला जागाच नव्हती.

सोमवारी ती चार पट्ट्या कापून सुईत रेशीम ओवत होती. तेवढ्यात मेता आली. दोन दिवस उरात धुमसत असलेला संताप एकाएकी उसळला.

“ज्यांच्या जिभेवर असं अभद्र येतं, त्यांची सुई माझ्या लेकराच्या दुपट्याला नको!”

तिने पट्ट्या ओढून घेतल्या. तीनच हाती आल्या. चौथी वन्संच्या कोपराखाली राहिली. ती चौथी पट्टी बाबेटने सावकाश घडी करून खिशात ठेवली आणि जिना चढून माडीवर गेली. त्या दिवसापासून तिची चूल वेगळी झाली.

आणि मग तीन वर्षं... ना मेताने चौथी पट्टी मागितली, ना बाबेटने दिली!

वावटळ मात्र गेली नाही. आधी गिऱ्हाईकं मागच्या दाराने येऊ लागली, मग यायचीच बंद झाली. चौदा वर्षं घरात वावरलेली कामवाली लीना नव्या कायद्यामुळे रडत रडत निघून गेली. ज्यूंच्या घरात तिच्या वयाच्या जर्मन बाईने काम करायचं नाही म्हणे! ज्या बायकांबरोबर मेता विहिरीशी उभी राहून हसायची, त्या आता तिला बघून रस्ता ओलांडत. एकदा लोथारला बागेतल्या बाकावरून एका म्हाताऱ्याने ‘इथे ज्यूंनी बसायचं नाही’ म्हणत हात धरून खाली उतरवलं, तेव्हा मेता पोराला उचलून घरी आली, आणि तिला जिन्याच्या वरच्या पायरीवर वन्सं उभ्या दिसल्या. क्षणभर वाटलं, धावत जावं, त्या रुंद खांद्यावर डोकं टेकावं... पण नाही! ‘आता म्हणतील, बघ, मी सांगितलं नव्हतं?’ ह्या एका भयाने ती मान वळवून स्वयंपाकघरात शिरली.

वन्सं मात्र तसं कधीच म्हणाल्या नाहीत. लोथार दिवसातून चारदा माडीवर चढायचा आणि नवे मोजे घालून खाली यायचा.

लोथारला तिसरं वर्ष पूर्ण झालं त्याच आठवड्यात, गुरुवारी, अमेरिकेहून जाड पाकीट आलं. सिनसिनाटीत राहणाऱ्या एमिलचं, ह्यूगोच्या मामेभावाचं. आत हमीची कागदपत्रं होती! ह्यूगो, मेता, लोथार... तीन नावं. ही तीन माणसं अमेरिकेत कुणावर भार होणार नाहीत, ह्याचा जामीन. मेता खुर्चीत मटकन बसली. सुटका! ज्या शब्दाचं स्वप्नसुद्धा बघायला ती घाबरत होती, तो शब्द तिच्या मांडीवर कागदाच्या रूपाने पडला होता.

सोबत एमिलच्या बायकोचं, क्लाराचं पत्र होतं.

‘दोन वर्षांपूर्वी आम्ही बाबेटसाठी हमी पाठवली होती, ती तिने परत केली. मागच्या वर्षी पुन्हा विचारलं, तर लिहिलं की माझ्याऐवजी भावाला, भावजयीला आणि मुलाला बोलवा. आमची ऐपत तीनच माणसांची आहे, म्हणून तिचं नाव घालता आलं नाही. तिने तुम्हाला हे सांगू नका असं बजावलंय. पण मला राहवत नाही.’

मेताच्या डोळ्यांपुढची अक्षरं विरघळली. ज्या बाईला तिने अभद्र म्हणून झिडकारलं, ती बाई दोन वर्षं स्वतःचं आयुष्य मुकाट्याने ह्या तिघांच्या नावावर करत होती... आणि आपण? आपण जिन्याखालून जाताना वरही बघत नव्हतो!

तिने पेटीतून त्या तीन पट्ट्या काढल्या आणि धावतच माडी चढली. दार उघडंच होतं.

“वन्सं!”

बाबेटने चष्म्यावरून बघितलं. “काय गं? पोर पडलं की काय?”

“तुम्ही... तुम्ही दोनदा नाही म्हणालात? आणि मला कळूसुद्धा दिलं नाहीत? तीन वर्षं मी तुमच्याशी धड बोलले नाही, वन्सं...”

“नाही बोललीस तेच बरं. तू बोलायला लागलीस की माझं डोकं उठतं.” तिने चष्मा काढून बाजूला ठेवला. “ती क्लारा! तिच्या पोटात काही राहत असेल तर शपथ!”

मेताने तिच्या मांडीत डोकं खुपसलं आणि तीन वर्षांचं साचलेलं सगळं वाहून गेलं. बाबेटचा सुईने खरखरीत झालेला हात तिच्या केसांवरून फिरत राहिला.

“पुरे आता. माझा झगा भिजवलास. हातात काय आहे ते बघू.”

मेताने ओशाळत पट्ट्या पुढे केल्या. तिने स्वतः भरल्या होत्या, रात्रंदिवस बोटं टोचून घेत. आशीर्वादाच्या अर्ध्या ओळीपर्यंत मजल गेली होती.

“हे काय आहे?” बाबेटने एका चित्रावर बोट ठेवलं.

“मासा. पोराचा जन्म अदार महिन्यातला, त्याची रास मीन ना?”

“हा मासा? मला वाटलं कुणाची तरी चप्पल!”

मेता रडता रडता हसली. हसता हसता बाबेटचेही डोळे भरून आले. मग ती उठली आणि तिने कपाटातून एक घडी काढून मेताच्या हातात दिली.

चौथी पट्टी... पूर्ण भरलेली! लग्नमंडप होता, त्याचे चार खांब होते, खाली इवलीशी नवरानवरी होती. आणि मंडपाच्या मागे, जिथे गावोगावच्या पट्ट्यांवर फुलं नाहीतर चांदण्या असतात, तिथे निळ्या रेशमाचा समुद्र होता, आणि समुद्रावर धूर सोडत जाणारं जहाज!

“त्याचं लग्न तिकडेच होणार,” बाबेट हळूच म्हणाली. “मला त्याच सोमवारी ठाऊक होतं. मी नसेन, म्हणून आधीच भरून ठेवलं.”

“नसाल कशा? तुम्ही ह्यूगो आणि लोथारबरोबर जा. माझ्या नावाच्या जागी तुमचं नाव घालू. मी मागून येईन.”

“वेडी का खुळी! तीन वर्षांच्या पोराला आईविना घेऊन मी काय करू तिकडे? ह्यूगोला आईविना वाढवलं, तेवढं पुरे झालं मला!”

“मग मीही नाही जात!”

“जाशील!”

“नाही!”

आरडाओरडा ऐकून ह्यूगो जिन्यातून धावत वर आला आणि दारातच थबकला. दोघी एकाच खुर्चीपाशी, एकमेकींचे हात घट्ट धरून, तार स्वरात भांडत होत्या. तीन वर्षांत त्याने इतकं सुंदर दृश्य पाहिलं नव्हतं.

“शुक्रवारच्या टपालाने मी क्लाराला लिहिणार,” मेताने डोळे पुसत त्याला बजावलं, “आलो तर चौघं, नाहीतर कुणीच नाही.”

ह्यूगोने तिचा दंड धरला. “मेता, आहे तेही हातचं जाईल!”

“जाऊ दे! एकदा मी वन्संचं ऐकलं नाही. आता तुझं ऐकणार नाही.”

शनिवारी लोथारचा पट्टा तोराला बांधायचा होता, आणि शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत सुई खाली ठेवायची असते. शब्बाथ सुरू झाला की टाका घालता येत नाही, आणि पट्टा उचलून बाहेरही नेता येत नाही. पत्र टपालात पडलं, आणि दोघी समोरासमोर बसल्या. एका टोकाने मेता, दुसऱ्या टोकाने बाबेट, आणि मध्ये लोथार रेशमाच्या लडी गुंतवत बसलेला. “टाके जवळ घाल गं, कुंपण नाही विणत तू!” “वन्सं, तो चप्पलमासा उसवू का?” “राहू दे. आईच्या हातचा आहे.” शब्बाथच्या मेणबत्त्या लावायला दहा मिनिटं उरली असताना शेवटची गाठ पडली. ह्यूगो पट्टा घेऊन डोक्यावरची हॅट सांभाळत सिनेगॉगकडे असा पळाला की वाटेतल्या दोन कोंबड्या जिवाच्या आकांताने उडाल्या!

दुसऱ्या दिवशी लोथारने बापाच्या कडेवरून पट्ट्याचं टोक धरलं. ज्यू समाजाचे प्रमुख, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आरोन प्लाउट, तोराभोवती एकेक वेढा घालू लागले. नाव आलं, मासा आला, मंडप आला, आणि जहाज आलं तसे त्यांचे हात थांबले. त्यांनी वर, बायकांच्या सज्जाकडे पाहिलं.

प्रार्थना संपल्यावर ते कपाटाच्या दिशेने बघत म्हणाले, “उद्या हाही बाकीच्या पट्ट्यांत ठेवू.”

“नाही, प्लाउटकाका!” सज्जातून आवाज आला. सगळ्या माना वळल्या. बाबेट उभी होती. “हा पट्टा पोराबरोबर जाईल.”

“बाबेट, दोनशे वर्षांत एक पट्टा इथून बाहेर गेला नाही.”

“मग दोनशे वर्षांचे सगळेच द्या, आम्ही नेतो! देत नसाल तर निदान हा द्या. काका, मी आजवर ह्या गावात किती मुलांना नावं भरून दिली... एक तरी माझ्या हातून वाचू द्या!”

मेताने उठून वन्संचा हात धरला. म्हातारबुवा बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

“उद्या सकाळी येऊन घेऊन जा,” ते शेवटी म्हणाले. “आणि तिकडच्या सिनेगॉगमध्ये सांगा, माशाला हसायचं नाही.”

मग असा हशा पिकला, आणि मुलांवर खडीसाखरेची अशी उधळण झाली, की त्या दिवशी खिडकीबाहेर तपकिरी गणवेशातलं कोण उभं आहे ह्याकडे कुणी बघितलंही नाही.

क्लाराचं उत्तर यायला सात आठवडे लागले. ते सात आठवडे मेताने कसे काढले, तिचं तिलाच ठाऊक. प्रत्येक टपालाला ती दाराशी धावे. आणि मग एके दुपारी... ‘माझ्या भावाने चौथ्या नावावर सही केली. ज्या घरात दोन बायका एकमेकींना वाचवण्यासाठी इतक्या भांडतात, त्या दोघीही मला इथे हव्यात.’ बाबेटने पत्र तीनदा वाचून घेतलं, चौथ्यांदा स्वतः वाचलं, आणि मग म्हणाली, “जहाजावर मला उलट्या होणार. मी आत्ताच सांगून ठेवते.” मेताने ह्या वेळी तिचं ऐकलं आणि सोबत दोन लिंबं जास्त घेतली. उलट्या झाल्या... मेतालाच!

आज सिनसिनाटीत दोघींची चूल एकच आहे. लोथार शाळेत जातो, आत्याच्या इंग्रजीला हसतो, आणि मार खातो. बाबेटच्या सुईला उसंत नाही. इथे जन्मलेल्या मुलांची दुपटी तिच्याकडे येतात, आणि जहाजाऐवजी ती आता फुलं भरते.

एकोणीसशे अडतीसच्या नोव्हेंबरात त्या गावचं सिनेगॉग जाळलं गेलं. कपाटही गेलं, दोनशे वर्षांची नावंही गेली. आरोन प्लाउट तेव्हा वाचले, कारण ते घरी तापाने पडले होते, एवढं त्यांच्या एका पोस्टकार्डावरून कळलं. मेताने त्यांना चार पत्रं लिहिली. दोन परत आली. बाकीच्या दोन पत्रांचं काहीच कळलं नाही. बाबेट दर शुक्रवारी विचारते, “प्लाउटकाकांचं काही?” आणि मेता नकारार्थी मान हलवते.

तुमच्यापैकी कुणाचं कुणी तिकडे जाणारं असेल, कुणाचा चुलत, मावस, ओळखीपाळखीचा माणूस... तर मेता हात जोडून सांगते आहे, प्लाउटकाकांचं दार गाठा. स्टेशनातून निघालं की पाण्याच्या पंपापासून डावीकडे वळायचं, सुताराच्या वर्कशॉपवरची खोली, हिरवं दार. त्यांना ऐकायला कमी येतं. एकदा ठोकून परत फिरू नका. जरा जोरात ठोका, आणि थांबा.