सूर विरेपर्यंत

लखनौत विकास नगरहून हजरतगंजला निघालेल्या ऑटोत पूर्वा चढली, तेव्हा आत आधीच एक तंबोरा बसला होता. त्याला कवटाळून एक तरुणही होता म्हणा, पण जागा सगळी तंबोऱ्याची. पुढच्याच वळणावर चाक खड्ड्यात गेलं आणि पूर्वाने स्वतःला सावरायचं सोडून दोन्ही हातांनी तंबोऱ्याचा भोपळा धरला. कपाळ लोखंडी नळीवर आपटलं ते वेगळंच.

"आपने खुद को छोड़कर इसे पकड़ा?" तो थक्क होऊन म्हणाला.

"कपाळाला टेंगूळ येतं... भोपळा फुटतो," ती मराठीत पुटपुटली.

"अरे! तुम्ही मराठी? हम भी... म्हणजे, आम्ही पण. चंद्रहास. पैदाइश यहीं की है."

"चंद्रहास म्हणजे तलवार ना?"

"हाँ, पर अभी तक किसी को लगी नहीं."

लागली, असं पूर्वाला त्याच क्षणी वाटलं. पण पहिल्या भेटीत असलं कुणी बोलतं का! ती कपाळ चोळत बसली.

चंद्रहासचा 'खंदक' नावाचा बँड होता. त्यांच्या पहिल्या अल्बमचं रेकॉर्डिंग चालू होतं. मध्ययुगातले स्वार, विणकर, नावाडी यांची गाणी, चाली जुन्या वळणाच्या आणि साथीला सारंगी, डफ नि इलेक्ट्रिक गिटार. तंबोरा वाजवणारी मुलगी लग्न करून निघून गेली होती. पूर्वा दहावीपर्यंत गाणं शिकलेली. हजरतगंज येईपर्यंत ती बँडमध्ये सामीलही झाली होती.

पुढचे दोन महिने जानकीपुरमच्या प्रयोगशाळेतलं काम आटोपलं की ती विकास नगरातल्या बँडच्या, वरच्या मजल्यावरच्या खोलीत धावायची. भिंतींना रजया टांगलेल्या, पंखा बंद, मधोमध एकच माइक आणि सगळे त्याच्याभोवती. चंद्रहासचा हट्टच तसा. जुन्या काळी कापून जोडणं कुठे होतं? गाणं एका दमात झालं पाहिजे. शेवटी राजेश भैया, म्हणजे रेकॉर्डिंग करणारे, हात वर करायचे. तो खाली येईपर्यंत दहा सेकंद, शेवटचा सूर विरेपर्यंत, कुणी श्वाससुद्धा मोठ्याने घ्यायचा नाही. पूर्वाला त्या दहा सेकंदांची धास्ती असायची. नेमकं तेव्हाच चंद्रहास तिच्याकडे बघायचा, आणि तिचं काळीज इतकं धडधडायचं की माइकमध्ये ऐकू जाईल की काय!

पण बघायचा तेवढंच. बोलायचा ते "आप थक तो नहीं गईं?" आता या आपमधून काय ओळखायचं? लखनौत गल्लीतल्या मांजरालाही लोक आप म्हणतात.

आज शेवटचं गाणं होतं. पूर्वाच्या बाबांची बँकेतून नाशिकला बदली झाली होती, सोमवारी सामान निघणार होतं. इकडे प्रयोगशाळेने तिला आणखी वर्षभर राहता का म्हणून विचारलं होतं आणि उत्तर आज पाचपर्यंत द्यायचं होतं. घरी तिने हे सांगितलंच नव्हतं. काम तिला आवडायचं, हे शहरही. पण राहायचं नक्की कशासाठी, हे स्वतःशी कबूल करायचीच भीती वाटत होती. त्याच्या मनात काहीच नसलं तर?

पहिला टेक सब्जीवाल्याने घालवला, दुसरा शेजारच्या कुकरने. साडेचार वाजले. तारा जुळवता जुळवता ती म्हणाली, "चंद्रहास... आज माझा शेवटचा दिवस."

"हाँ." तो गिटारच्या पट्ट्याशी उगाच चाळा करत राहिला. "अच्छे से बजाइएगा."

बस्स. एवढंच! पूर्वाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिला राग आला, त्याचा कमी आणि स्वतःचा जास्त. हा बोलेल मग मी ठरवीन... हे कसलं ठरवणं? माझं काम, माझं वर्ष, माझं मन, आणि चावी याच्या खिशात?

तिसरा टेक सुरू झाला. वेशीवर उभी राहून स्वाराला निरोप देणाऱ्या बाईचं गाणं होतं ते. सारंगी रडली, डफ घुमला, चंद्रहासचा आवाज शेवटच्या ओळीवर हलकेच उतरला. कुठेही चूक नाही! राजेश भैयांचा हात वर गेला. एक... दोन... तीन... चंद्रहासने मान वळवली. तीच ती नजर.

"मी नाशिकला जात नाहीये," पूर्वा म्हणाली.

हात वरच राहिला. सारंगीवाल्याने डोळे मिटून घेतले.

"पूर्वा! दस सेकंड... सिर्फ दस सेकंड रुक जातीं!"

"दोन महिने थांबलेय मी. तू काही बोलतोस का बघत."

तो लाल झाला, मग पांढराफटक. "मी कसं बोलणार? घरचे सगळे जातायत आणि मी म्हणायचं रुकिए? मुझे क्या हक है?"

"हक्क मागून तरी बघायचास. आता राहू दे. मी माझ्या कामासाठी राहतेय. मला इथं आवडतं म्हणून राहतेय." तिने तंबोरा आणखी जवळ ओढला. "आणि तू आवडतोस, तेही आहेच. पण तू नाही म्हणालास तरी मी राहणारच आहे. म्हणजे... नाही म्हणू नकोस."

चंद्रहास गिटार खाली ठेवून तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला.

"हर बार वो दस सेकंड..." तो अडखळला. "त्या दहा सेकंदांत तुझ्याकडे बघायचं म्हणून मी गाणं संपायची वाट बघतो, पूर्वा. गाणारा माणूस आहे मी, और गाने के खत्म होने का इंतज़ार करता हूँ. और क्या बताऊँ?"

पावणेपाच झाले होते. पूर्वाने फोन काढला. प्रयोगशाळेला 'राहते' एवढा एक शब्द लिहिताना ती तीनदा चुकली. चंद्रहासने तंबोरा तिच्या मांडीवरून अलगद उचलून बाजूला ठेवला आणि उत्तर जाईपर्यंत तिचं मनगट धरून ठेवलं. ते गेल्यावरही त्याने ते सोडलं नाही.