श्रेय घ्यायला दोघंही तयार

श्रीमंततात्या माझ्या अंगावर कोसळले, तेव्हा मी डेअरीला दूध घालून घरी चालले होते.

तात्या म्हणजे त्यांचा फ्लेक्स हो! आमच्या कर्जत भागात वारा सुटला की भलेभले पुढारी असे लोळतात. आत गुदमरलेली मी, नाकासमोर तात्यांचं हातभर हसू, आणि खाली ठळक अक्षरं – ‘निराधारांची पेन्शन घरपोच! तात्यांच्या पाठपुराव्याला यश!’

कुणीतरी फ्लेक्स उचलला. पाहते तर आदिनाथ, तात्यांचा मुलगा.

“लागलं का?”

“न्हाई. पर तुमच्या तात्यांचा भार लई हाय.”

तो हसला... केसांत धूळ, हातात सुतळी.

“आन् पेन्शन आमच्या अप्पांनी आणली,” मी बजावलं. माझे अप्पा तात्यांचे कट्टर विरोधक. त्यांचाही फ्लेक्स समोरच्या खांबावर होता, मजकूर तोच.

“आणली असंल. तेवढं सुतळीचं टोक धरता का?”

धरलं! गाठ मारताना त्याची बोटं माझ्या बोटांना लागली आणि... पेन्शन कुणी आणली, हे मी साफ विसरले.

मग भांडणाच्या निमित्तानं आम्ही भेटतच राहिलो. एक दिवस भांडता भांडता तो मधेच म्हणाला,

“सुकन्या, तुझ्याबिगर करमत न्हाई. लगीन करशील माझ्याशी?”

“इतका उशीर लावत्यात का इचारायला?”

पण खरी पंचाईत पुढेच होती. आमच्याकडे मुलीच्या बापानं मुलाच्या दारी जायचं असतं. अप्पा आणि तात्यांच्या दारी? एका पंगतीला बसत नव्हते दोघं! त्यात अप्पांनी माझ्यासाठी राशीनचा मुलगा पसंत केलेला, रविवारी सुपारी फोडायची. मी पोटभर रडून घेतलं. मग आम्ही दोघांनी डोकं चालवलं.

अप्पांना चहा देताना मी सहज म्हणाले, “गावातली दुफळी मिटावी म्हणून तात्या मला सून करून घेणारेत म्हणं. उद्याच्या ग्रामसभेत जाहीर करणारेत.”

अप्पांचा कप बशीवरच थांबला. “पोरगी माझी, आन् दुफळी मिटवली त्यानं?”

तिकडे आदिनाथनं तात्यांच्या कानात हेच उलटं घातलं.

दुसऱ्या दिवशी ग्रामसभा सुरू होते न होते, तोच अप्पांनी माईक ओढला. “गावाच्या एकीसाठी मी माझी लेक तात्यांच्या घरी देतोय!”

“मी मागितली म्हनून!” तात्यांनी माईकचं दुसरं टोक धरलं. “मीच आधी ठरवलं हुतं!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. आता माघार घेतो कोण? सुपारी तिथंच आणली गेली. ती कुणाच्या हातानं फोडायची, यावरून पुन्हा जुंपली.

त्या गोंधळात आदिनाथ माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. “ही शक्कल माझी हुती. सांगू का समद्यांना?”

“तुमची? माझी हुती!”

“बरं बाई... तुझी.”

इतक्या सहज श्रेय सोडणारा माणूस आमच्या गावात मी पहिल्यांदाच पाहिला. इतका आवडला तो मला त्या क्षणी! अख्ख्या ग्रामसभेदेखत मी त्याचा हात धरला.