गिरजाबाईंची पांढरी पाच

पेणच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत माझं दुकान आहे. स्पीकर, अँप्लिफायर, कीबोर्ड, वाजणारं काहीही बिघडलं की लोक माझ्याकडे आणतात. घरी जाऊन दुरुस्ती मी सहसा करत नाही. पण गडबच्या गिरजाबाईंचा फोन आला. "सुरभी, तुझ्या दुकानात कीबोर्ड नीट वाजतो गो. घरी आणला की परत तसाच. आता तूच ये."

नवरात्राची सातवी माळ होती. संध्याकाळी देवळात त्यांच्या महिला मंडळाचं भजन होतं आणि गिरजाबाई पहिल्यांदाच चारचौघांत वाजवणार होत्या. वडखळवरून रिक्षा करून मी दुपारी गडबला पोचले. शेतात भात पिवळं पडायला लागलं होतं. वारा अजिबात नव्हता.

कीबोर्ड त्यांच्या नवऱ्याचा, महिपतीचा. रोह्याच्या कंपनीतली शिफ्ट संपवून तो लग्नांत बेंजो पार्टीबरोबर वाजवायचा. तोंडात तंबाखू कायम. गेल्या वर्षी वारला. तो असेपर्यंत गिरजाबाईंनी कीबोर्डला हात लावलेला त्याला खपत नसे.

"म्हणायचा, शेणाचे हात हायत तुझे," त्या म्हणाल्या. "मी लांबून बघून शिकले. तो गेल्यावर बसले वाजवायला. तर ही एकच पट्टी..."

त्यांनी बोट दाखवलं. मधल्या सप्तकातली पांढरी पाच, म्हणजे पाचवी पांढरी पट्टी. गिरजाबाईंचा सा तिथलाच. ती पट्टी खाली बसलेली होती.

मी वायर काढली, कीबोर्ड पालथा घातला, स्क्रू सोडवले. पट्टीखालचं रबर साफ होतं, स्प्रिंग शाबूत होती. तरी मी दोन्ही बदलली, स्क्रू लावून कीबोर्ड सरळ केला. पट्टी वर आली. चार वेळा दाबून पाहिली, चारही वेळा वर आली.

"झालं," मी म्हटलं.

तेवढ्यात खोलीत तंबाखूचा वास आला. ओल्या चुन्यात नुकताच मळलेला. गिरजाबाईंनी पदर नाकाला लावला नाही, की मागे वळूनही पाहिलं नाही.

पट्टी हळूहळू खाली गेली.

मी स्क्रूड्रायव्हरचं टोक खाली घालून ती उचलायला गेले. अडकलेली पट्टी कशी लागते ते मला माहीत आहे. ती घट्ट असते, मेलेली असते. ही तशी नव्हती. मी जोर वाढवला की वरूनही जोर वाढे. मी ढिलं सोडलं की तिकडूनही ढिलं होई. कुणीतरी माझ्या हाताचा अंदाज घेत होतं... मी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"बाई, हे माझ्या हातातलं काम नाही. आज पेटीवर भागवा."

"नाय." त्या उठल्या, समोर येऊन मांडी घालून बसल्या. "पेटी नको. याच्यावरच वाजवणार. चालू कर."

"बाई..."

"चालू कर गो."

मी वायर जोडली, कीबोर्ड चालू केला. स्पीकरमधून एकच सूर निघाला आणि निघतच राहिला. सा. भरलेला, न तुटणारा. बाहेर ओट्यावरची कोंबडी ओरडत पळाली.

गिरजाबाई थोडा वेळ ऐकत राहिल्या. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, त्याला हसू म्हणावं की राग, मला ठरवता येईना.

"सूर धरलाय ना त्यानं? धरू दे. भजनाला कुणीतरी सूर धरायलाच लागतो."

आणि त्यांनी त्या सुरावर गळा मोकळा सोडला. बोटं बाकीच्या पट्ट्यांवर फिरू लागली. भरड आवाज होता, पण पक्का. एकदाही हलला नाही. कडवं संपायच्या आत पट्टी झटकन वर आली. सूर तुटला. वासही पातळ झाला.

मी श्वास सोडला. गिरजाबाई मात्र थांबल्या नाहीत. समोरच्या रिकाम्या हवेकडे बघून त्या ठणकावून म्हणाल्या, "का सोडलास? एकतीस वर्षं मला गप्प बसवलंस. आता माझं गाणं होईपर्यंत बस इथंच. धर!"

काही क्षण पंख्याचीच घरघर. मग ती पट्टी, अगदी नाखुशीनं, खाली गेली.

संध्याकाळी कीबोर्ड देवळात नेला, मीही थांबले. दोन तास सा हलला नाही. बायका म्हणाल्या, गिरजाबाईंनी काय सूर लावलाय! माझ्याशिवाय कुणाचं त्या पट्टीकडे लक्ष नव्हतं.

त्यानंतर दोन महिन्यांनी त्यांचा फोन आला. मागे तो सूर चालूच होता. पण आता त्यात आणखी एक सूर मिसळला होता. पंचम.

"ऐकतेस ना?" त्या म्हणाल्या. "आता दोन पट्ट्या खाली जातात."

"तो दोन्ही हातांनी दाबत असेल," मी कसंबसं म्हटलं.

"नाय गो. दुसरा हात त्याचा नाय." त्यांनी आवाज खाली आणला, पण घाबरून नव्हे. "ती पट्टी खाली जाते ना, तेव्हा काचेच्या बांगड्या वाजतात. कोण हाय ते मला ठाव नाय. तिलाही कुणीतरी गप्प बसवलं असेल. बसलीय तर बसू दे. मी वाजवायची थांबणार नाय."

मी फोन कानाला तसाच घट्ट धरून ठेवला. गिरजाबाई गाऊ लागल्या. आणि ध्रुवपदाला त्यांच्यामागून एका बाईनं बारीक आवाजात साथ दिली.