दादाच्या गाडीची शेड

जुन्या गाडीचा रंग डब्यात मिळत नाही. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, आणि प्रत्येक गिऱ्हाईक मला कंपनीचा नंबर दाखवतं. नंबर असतो तो गाडी नवी असतानाचा. पुढे ऊन, धूळ आणि पाणी मिळून जो रंग तयार करतात त्याला नंबर नसतो. तो डोळ्यांनी जुळवावा लागतो, आणि छत्तीस वर्षं मी तेच करत आलोय. दुसऱ्या कशाची मला फारशी अक्कल नाही, हे आमची ही चारचौघांत सांगत असते.

ती पोरगी सोमवारी सकाळी ट्रक घेऊन आली तेव्हा गाडी मी लांबूनच ओळखली. बावीस वर्षांपूर्वी ती मीच रंगवली होती. तिचा दादा तेव्हा दोन दिवस माझ्या डोक्यावर बसला होता. "काका, असा हिरवा द्या की बाबांना खिडकीतून कळलं पाहिजे, मी आलो." मी चार वेळा रंग कालवला, तेव्हा कुठे स्वारी खूश झाली. चार महिन्यांपूर्वी तो गेला, खुर्चीत बसल्या बसल्या. आता गाडी तीच चालवत होती.

ड्रायव्हरच्या बाजूचा दरवाजा पांढरा होता. माल उतरवताना मागे येणाऱ्या एका गाडीने जुना दरवाजा पार चेपला होता. तिने भंगारातून मापाचा दुसरा आणून बसवला होता.

"घाई नाही ना?" मी सवयीने विचारलं.

"आहे," ती म्हणाली. "बाबा जेवत नाहीयेत."

मी हातातलं फडकं बाजूला ठेवलं.

"दादा गेला हे सांगितलं की रडतात, आणि दुसऱ्या दिवशी विसरतात. पुन्हा सांगायचं, पुन्हा रडवायचं. मग मी सांगायचंच सोडलं. संध्याकाळी गाडी दारात लागली की त्यांच्या लेखी दादा आला. मग जेवतात. हा पांढरा दरवाजा बघितला आणि म्हणाले, ही आपली गाडी नाही, तो अजून यायचाय."

"मग?"

"मग काय, वाट बघतायत. तीन दिवस नुसत्या चहावर आहेत. डॉक्टर म्हणाले, गुरुवारपर्यंत बघू, नाहीतर दवाखान्यात हलवू." तिने पांढऱ्या दरवाजाकडे पाहिलं. "तिथून ते परत येतील असं मला वाटत नाही, काका."

मला खिडकीत वाट बघणारा म्हातारा दिसायला लागला. मी म्हटलं, "गुरुवारी घेऊन जा."

रंग जुळवायला मी गाडी नेहमी सावलीतून बाहेर काढतो. ट्यूबलाइटखाली सगळेच रंग खोटं बोलतात. उन्हाने मरून गाडीचा हिरवा राखाडीकडे झुकला होता, बोट फिरवलं की त्यावर फिकट भुकटी यायची. अशा भुकटीवरून शेड, म्हणजे रंगाची छटा, काढणं ही शिकाऊ माणसाची चूक. मी बॉनेटची हातभर जागा धुतली, हलकं पॉलिश केलं आणि मग रंग कालवायला बसलो. जुळवायची माझी एक रीत आहे. पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्याच्या मधोमध भोक पाडायचं, पुठ्ठ्यावर नवा रंग मारायचा, वाळला की गाडीवर ठेवायचा. भोकातून गाडीचा रंग दिसतो. भोक दिसेनासं झालं की शेड जुळली.

दुपारी तीनला भोक दिसेनासं झालं. मी दरवाजा घासला, प्रायमर दिला, रंग मारला. संध्याकाळी दहा पावलं मागे जाऊन पाहिलं, तर दरवाजा कुठला ते शोधावं लागत होतं. मी स्वतःवर बेहद्द खूश होऊन घरी गेलो.

मंगळवारी सकाळी दरवाजा वेगळा दिसत होता.

फार नाही. गिऱ्हाइकाच्या लक्षातही आलं नसतं. पण मला दिसत होता, आणि खिडकीत बसून त्या गाडीचीच वाट बघणाऱ्या म्हाताऱ्यालाही दिसला असता. रंग वाळला की थोडा उतरतो, म्हणून मी पुठ्ठा दरवाजावर धरला. दोन्ही एक. मग तोच पुठ्ठा बॉनेटवर ठेवला. भोक साफ दिसत होतं. आतला हिरवा काठापेक्षा गडद होता.

दव असेल म्हणून ऊन चढेपर्यंत थांबलो. काही फरक नाही. मग मी स्वतःला चार शिव्या घातल्या, दुसरा पुठ्ठा केला, दरवाजा पुन्हा घासला, पुन्हा मारला. पुन्हा सगळं जुळलं. रंगखान्याला मी स्वतः कुलूप लावलं.

बुधवारी दुसऱ्या पुठ्ठ्यातलंही भोक दिसत होतं.

मी बॉनेटवरून बोट फिरवलं. बोट स्वच्छ होतं. टपावरून फिरवलं, मागच्या फळ्यांवरून फिरवलं. तिथे तर मी पाण्याचं फडकंसुद्धा लावलं नव्हतं. भुकटी कुठेच नव्हती.

मला मोतीबिंदूची भीती वाटली. रंगाऱ्याचे डोळे गेले म्हणजे रंगारीच गेला. मी बायकोला बोलावून आणलं. तिचं शिवणाचं काम, दोऱ्याची रिळं कापडाशी जुळवण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. मी दोन्ही पुठ्ठे तिच्या हातात दिले आणि काहीच सांगितलं नाही.

तिने ते गाडीवर ठेवून पाहिले, मान तिरकी करून पाहिले.

"हा जास्त विटलाय, हा कमी. आणि गाडी नवीन आहे," ती म्हणाली. "अहो, तोंड का पडलंय? डोळे ठीक आहेत तुमचे."

डोळे ठीक आहेत हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं.

ती गेल्यावर मी ओट्यावर बसलो. रंग विटतो. उलटा येत नाही. हे मला माहीत होतं, आणि समोर गाडी उभी होती. घरी एक म्हातारा चहावर दिवस काढत होता, आणि माझ्या हातात एकच दिवस उरला होता. रोज गाडीच्या मागे धावण्यात अर्थ नव्हता. ती जिथे निघाली होती, तिथे आधी जाऊन थांबायला हवं होतं.

मी जुनी वही काढली. बावीस वर्षांपूर्वीचं पान सापडलं. हिरवा किती, निळा किती, काळ्याचे थेंब किती. खाली माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'चौथ्यांदा. पसंत.'

त्या मापाने मी दरवाजा रंगवला. बुधवारी संध्याकाळी तो गाडीपेक्षा ठसठशीत दिसत होता. चुकीचा.

गुरुवारी सकाळी मी कुलूप काढलं.

दरवाजा वेगळा दिसेना. मी पुठ्ठा ठेवून पाहिला नाही, गरजच नव्हती.

पोरगी चारला आली आणि फाटकाशीच थबकली. गाडीभोवती एक फेरी मारली. बॉनेटला हात लावला आणि लगेच काढून घेतला.

"मी सातवीत होते तेव्हा अशी होती," ती म्हणाली. "तुम्ही सगळी रंगवलीत?"

"फक्त दरवाजा."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी किल्ली तिच्या हातात दिली. तिला घर गाठायचं होतं. ती नव्या दरवाजाने वर चढली, सीट पुढे ओढली, किल्ली फिरवली. मी फाटकात उभा राहून गाडी वळणापर्यंत जाताना पाहिली. स्टिअरिंगवर तीच होती. हे मी शपथेवर सांगेन.

सात वाजता फोन आला.

"काका, जेवले," ती म्हणाली. "खिडकीतूनच हाका मारायला लागले. दोनदा वाढून घेतलं."

माझे डोळे भरले. बायकोला खुणेने सांगितलं, जेवले. तिने हात जोडले.

"चला, सुटलो," मी म्हटलं. "आता तूही जेव आणि झोप."

तिने फोन ठेवला नाही.

"काका, बाबांनी एक विचारलं. म्हणाले, तू पलीकडच्या दाराने का उतरलीस?"

"वय झालंय त्यांचं. बघण्यात चूक झाली असेल."

"नाही. मी पलीकडच्याच दाराने उतरले, क्लीनरच्या बाजूने."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुमच्या वळणापर्यंतचं आठवतंय," ती म्हणाली. "मग मी खिडकीतून बाहेर बघत होते. काचेला डोकं टेकून. मग माझा डोळा लागला."

"आणि?"

"घर आलं तेव्हा मला कुणीतरी खांद्याला हलवून उठवलं."