पोचल्याची रिंग

ते मोबाइल जरा उपडे ठेवा बघू. भुताचं ऐकायचं तर अंधारात ऐकायचं, हातात उजेड घेऊन नाही. आणि ही गोष्ट म्हणू नका, घडलेलं आहे. थळला दयाराम म्हात्रेच्या घरी, गेल्या एकतीस डिसेंबरच्या रात्री. दयाराम माझा दोस्त, आणि त्याच्या घरी फोनची लाइन ओढणारा लाइनमनही मीच. तेव्हा मला थापा मारायला जागा नाही.

त्या दिवशी दुपारी दयाराम जिताडा आणायला बाजारात गेला होता. त्याची मुलगी रुचिता पनवेलला एका इस्पितळात नर्स आहे. तिला रात्रपाळी होती आणि डब्यात जिताड्याचं कालवण हवं होतं. मासा मनासारखा मिळाला. कमळने, म्हणजे त्याच्या बायकोने, हौसेने कालवण केलं. दिवेलागणीला रुचिता डबा घेऊन आपल्या छोट्या गाडीने निघाली. पोचले की अंगठा पाठवते, असं बापाला सांगून गेली. हल्ली मोबाइलवर पोचल्याचा अंगठा येतो.

पूर्वी रिंग यायची.

तुम्हाला कुठून ठाऊक असणार म्हणा. दयारामच्या पडवीत एसटीडी बूथ होता. काचेची खोकडी, आत फोन, बसायला स्टूल आणि वर लाल आकड्यांचं मीटर. त्या मीटरचा कायदा साधा होता. आपण नंबर फिरवला, तिकडे घंटी वाजत राहिली, तरी आकडा हलायचा नाही. तिकडे कोणी उचललं की आकडे पळायला लागायचे आणि बोलणाऱ्याचं बिल चढायचं. म्हणून गावाने एक युक्ती काढली होती. मुंबईला गेलेल्या माणसाने बूथवर दोन रिंगा द्यायच्या आणि कट करायचं. दयारामने उचलायचं नाही. दोन रिंगा म्हणजे सुखरूप पोचलो. निरोप फुकटात.

आता दोन हजार साल उजाडलं ती रात्र. दयारामचा थोरला, अल्पेश, वाशीला कॉम्प्युटरच्या ऑफिसात होता. बाराच्या ठोक्याला जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडणार, अशी हवा होती. त्यामुळे रात्रभर मशीनपाशी बसायला त्याला बोलावलं होतं. तो संध्याकाळी मोटरसायकलवरून निघाला. इकडे गावाला वाटलं की बारानंतर फोनही बंद पडणार. अर्धं गाव शेवटचं बोलून घ्यायला बूथवर लोटलं. दयारामची नुसती चांदी झाली त्या रात्री.

बारा वाजून गेले. काहीच बंद पडलं नाही. गर्दी पांगली, दयारामने दिवा घालवला, आणि फोन वाजला. सवयीने त्याचा हात रिसीव्हरवर गेला. कमळने त्याचं मनगट धरलं.

"उचलू नका. मीटर चालू व्हईल पोराला."

दुसरी रिंग झाली. कट. पोरगा पोचला. दोघंही निवांत झोपले.

सकाळी मुंबईच्या वाटेवरच्या कार्लेखिंडीत एका दूधवाल्याला मोटरसायकल पडलेली दिसली. खाली चरात अल्पेश होता. डॉक्टर म्हणाले, पहाटेपर्यंत जीव होता. रात्री कोणी शोधत आलं असतं, तर कदाचित... पण शोधायला कोण जाणार? रिंग आली होती ना. ती रिंग कोणी दिली, हे दयारामने घरोघर जाऊन विचारलं. त्या रात्री गावातलं दुसरं कोणीच प्रवासात नव्हतं.

पुढे मोबाइल आले आणि बूथ बसला. चक्रीवादळात फोनचा खांबही गेला. वायर मीच तोडली, गुंडाळून पडवीतल्या खिळ्याला टांगली, मीटरचा प्लग काढून ठेवला. पण कमळ खोकडी हलवू देईना. रोज सकाळी पदराने रिसीव्हर पुसायची. दयाराम कधी चिडला, तर एकच बोलायची. मी उचलू दिला असता, तर त्याचा आवाज तरी आला असता.

तर आता गेल्या एकतीस डिसेंबरची रात्र. रुचिताचा अंगठा येईना. दयाराम फोन लावत होता आणि ती मशीनमधली बाई संपर्क क्षेत्राबाहेर म्हणत होती. किनाऱ्यावर पर्यटकांची ही झुंबड, नेटवर्क गळपटलेलं. त्याला ते कळत होतं. पण मोबाइल काही हातातून सुटेना. बारा वाजले. समुद्रावर फटाके झाले. मग तेही थांबले.

आणि पडवीत फोन वाजला.

दोघंही उठून बसले. दयारामने खिळ्याकडे पाहिलं. वायर होती तशीच, गुंडाळलेली.

पुन्हा वाजला.

मग काही नाही... लाटांचा आवाज तेवढा.

दयारामच्या डोळ्यांपुढे खिंड आली. तो चर. त्यात आता रुचिताची गाडी. त्याने स्कूटरची चावी ओढली.

"एकदा फसलो. आता न्हाय फसनार."

कमळ पडवीकडे बघत होती. म्हणाली, "थांबा जरा. परत वाजंल."

तो थांबला नाही.

खिंडीत त्याने बॅटरी घेऊन एकेक चर पाहिला. पोरीच्या नावाने हाका मारल्या. गाड्या जात होत्या, त्यातली पोरं त्याला दारुडा समजून हसत होती. कोणी थांबलं नाही. वाकून बघायची भीती वाटायची, न बघता पुढे जायची त्याहून जास्त.

तेवढ्यात खिशात मोबाइल थरथरला. अंगठा. खाली दोन शब्द, कधीच पोचलेय. निरोप वाटेत अडकला होता.

दयाराम रस्त्याच्या कडेला बसून ढसाढसा रडला. सुखाने रडला बिचारा. कमळला लगेच सांगायला हवं म्हणून त्याने तिच्या मोबाइलवर फोन लावला. रिंग जात राहिली. तिने उचलला नाही.

घरी आला तर घर अंधारात. पडवीत मात्र उजेड होता. लाल.

खोकडीत कमळ बसली होती. डोकं काचेला टेकलेलं. रिसीव्हर कानाशी.

"कमळ..."

...

"अगं, पोचली पोरगी."

...

त्याने हात लावला. हात गार होता. चेहरा मात्र, दयाराम सांगतो, कान देऊन कोणाचं ऐकत असल्यासारखा.

पहिल्या वेळी त्याने रिंगेवर विश्वास ठेवला आणि घरी बसला, तर पोरगा गेला. या वेळी विश्वास ठेवला नाही, घर सोडून धावला, तर बायको गेली. तिच्या शेवटच्या घटकेला तो रिकामे चर धुंडाळत होता. माणसाने करायचं तरी काय, सांगा. मला विचारलं त्याने.

सकाळी रुचिता धावत आली. आईची बोटं तिनेच सोडवली, आणि रिसीव्हर जागेवर ठेवायला गेली. दयारामने तिचं मनगट धरलं.

"ठेवू नको गं. कट व्हईल."

परवाच मी जाऊन आलो. रिसीव्हर अजून स्टुलावर आडवा ठेवलेला आहे. दयाराम त्याच्याजवळ बसतो, पण कानाला लावायचा धीर त्याला होत नाही. मी वायर पुन्हा तपासली. मी तोडली होती तशीच तुटलेली आहे. प्लग जमिनीवर पडलाय. आणि वर मीटरचे लाल आकडे पळतायत.

मीटर कधी पळतं, ते मघाशी सांगितलंय तुम्हाला.