रहिवासी बाहेर आहेत

निघायच्या दिवशी चाकघर जागचं हललं नाही, तेव्हा वृषाली माईणकरांनी रिवाजाप्रमाणे आधी स्वतःलाच दोष दिला. पहिल्यांदा चाकघर घेणाऱ्या माणसाकडून ज्या चुका व्हायच्या असतात, त्या त्यांनी बावीस दिवसांत रांगेनं करून टाकल्या होत्या. गोड्या पाण्याची टाकी गळ्यापर्यंत भरली आणि सांडपाण्याची रिकामी करायला विसरल्या. चाकांखालच्या पाचरी एकाच अंगाला लावल्या, त्यामुळे पहिले दोन दिवस आमटी ताटात एका कडेला जाऊन बसायची. एका माणसाच्या घरात तीन कुकर आणले. म्हणून आताही एखादी पाचर राहिली असेल या समजुतीनं त्या खाली उतरल्या, वाकून चारही चाकं पाहून आल्या. पाचरी निघालेल्या होत्या.

स्वयंचलित घराला सुकाणू नव्हतंच. पुढच्या काचेखाली एक पाटी होती आणि तिच्यावर अक्षरं उमटली होती : ‘दोन रहिवाशांपैकी एक अजून बाहेर आहेत. थांबतो.’

"थांबतो म्हणे," वृषालीताई पाटीला म्हणाल्या. "कुणासाठी रे बाबा?"

प्रश्नाचं उत्तर त्यांना ठाऊक होतं, पण ते पाटीला कसं ठाऊक झालं हे कळेना.

वृषालीताई एकसष्ट वर्षांच्या. सरकारी बीजपरीक्षण प्रयोगशाळेत त्यांनी चौतीस वर्षं बिया भिजवून किती उगवतात ते मोजलं. लग्न केलं नाही. थोरल्या भावानं, धनंजयदादांनीही केलं नाही. सांगलीच्या फ्लॅटमध्ये भाऊबहिणींनी तीस वर्षं असा नेटका संसार केला, की शेजारच्या जोडप्यांनी हेवा करावा. मग सहासष्टाव्या वर्षी दादांनी इचलकरंजीच्या एका निवृत्त मुख्याध्यापिकेशी लग्न केलं. वृषालीताईंनी वऱ्हाडाचं सगळं बघितलं, अक्षता वाटल्या, पंगतीत आग्रह केला आणि घरी येऊन पाहिलं तर घर म्हणून काही उरलं नव्हतं. फ्लॅट विकला. दादा म्हणाले, "आमच्याकडे ये की. मागची खोली रिकामीच आहे." मागची खोली! त्या दोन शब्दांच्या भयानं वृषालीताईंनी आठ दिवसांत चाकघर घेतलं.

आता ते वारणेच्या खोऱ्यात, धरणाच्या काठच्या चाकघरांच्या तळावर उभं होतं. एका रहिवाशानं एका तळावर पंचेचाळीस दिवसांपेक्षा जास्त राहायचं नाही, असा कायदा होता. मुदतीत घर हललं नाही तर परवाना रद्द आणि मालकानं राहण्याचा कायमचा पत्ता द्यायचा. वृषालीताईंकडे देण्याजोगा पत्ता एकच होता, आणि तो मागच्या खोलीचा होता.

दुसऱ्या दिवशी कंपनीकडून डॉ. इरफान नदाफ आले. पन्नाशीचे, मिरजेचे, वास्तव्य-अनुमानाची, म्हणजे घरात कोण राहतं ते ताडण्याची, सारी गणितं त्यांच्याच हातची. तळावरच्या इतर घरांकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. अशी तक्रार आजवर आली नव्हती, म्हणून ते जातीनं आले होते.

"ताई, तुम्ही प्रयोगशाळेतल्या, तेव्हा सरळच सांगतो," ते पायरीवर बसत म्हणाले. "घरात कॅमेरा लावायला बंदी आहे, आवाज ऐकायला बंदी आहे. खुर्चीत आणि बिछान्यात तराजू बसवायलाही बंदी. मग घरात किती माणसं राहतात हे घरानं ओळखायचं कसं?"

"बियाणं ओळखतो तसं," वृषालीताई म्हणाल्या. "बीला विचारत नाही, जिवंत आहेस का म्हणून. भिजत घालायचं आणि काय उगवतं ते बघायचं."

"झालं की! अगदी तेच. पाणी कधी वाहतं, खिडकी कधी उघडते, फळीवरचा कुठला डबा किती हलका होतो. या खुणांच्या जुड्या बांधायच्या. एक जुडी म्हणजे एक माणूस. तुमच्या घरात दोन जुड्या आहेत."

"पण पावलं? जमिनीत तराजू आहेत ना? आत-बाहेर करणारी मी एकटी."

"पावलांवर आम्ही भरवसा कमी ठेवायला शिकवलंय. कुणी चाकाच्या खुर्चीत असतं, लेकरू कडेवर असतं. पाऊल फसवतं, सवय फसवत नाही. दोघांच्या सवयी आणि निघताना दारातून एकच जण आलं, तर दुसरा बाहेर राहिला असं घर धरणार आणि थांबणार. चाचणीच्या काळात एका घरानं म्हाताऱ्या वडिलांना ढाब्यावर सोडून साठ किलोमीटर गाठले होते. तेव्हापासून हा नियम."

"मग त्याला सांगा, दुसरा माणूस नाही म्हणून."

नदाफांनी मान हलवली. "सांगता येत नाही. मुद्दाम ठेवलं नाही ते. सांगता आलं असतं, तर कितीतरी पोरांनी आईबापांना एका शब्दात घरातून पुसून टाकलं असतं. राहणारा माणूस राहणं थांबवतो तेव्हाच पुसला जातो. ताई, वीस दिवस एकट्या माणसासारखं राहा. घर आपोआप शिकेल."

"एकट्या माणसासारखं," वृषालीताईंनी सूचना टिपून घेतल्यासारखं म्हटलं. "जमेल की. एकटीच तर आहे."

त्या कामाला लागल्या. प्रयोगशाळेतली शिस्त होतीच. एका माणसाला लागतं ते ठेवायचं आणि वरचं काढून टाकायचं. दिवसाचे दोन चहा होते : साडेसहाचा बिनसाखरेचा आणि कामं उरकल्यावर पावणेनऊचा, भरपूर साखरेचा, अर्धा कप. एका माणसाला दोन चहा कशाला? पावणेनऊचा बंद केला. जेवण होतं बिनलसणाचं, मऊ, पण ताट संपताना त्या बरणीतला ठेचा बोटभर चाटायच्या. तीही चैनच. बरणी फळीच्या मागे गेली. दुपारी पश्चिमेची खिडकी उघडून धरणाकडे बघत अर्धा तास नुसतं बसायचं, हे कशात मोडतं ते त्यांना ठरवता येईना, म्हणून तेही काढलं. उरलं ते सगळं नियमाचं. साडेसहाला चहा, सातला बातम्या, धुळीनं शिंका येतात म्हणून पश्चिमेची खिडकी बंद, रात्री आठला मऊ खिचडी.

माणूस काटकसर करायला बसला की कात्री कुणाच्या कपड्याला लागते, हे पाहण्यासारखं असतं. वृषालीताईंना ती कुठं लागतेय हे दिसलं नाही, कारण तीस वर्षं ती तिथंच लागत आली होती.

ते वीस दिवस फार शांत गेले. शेजारच्या जागेवर नागपूरचं एक कुटुंब येऊन गेलं, मग एक नवपरिणीत जोडपं आलं आणि भांडून दोन दिवसांत निघून गेलं. वृषालीताई पायरीवर बसून त्यांची घरं वळणाआड जाताना बघायच्या. हात हलवावा इतकी ओळख कुणाशीच झाली नव्हती, तरी त्यांचा हात उचलला जायचा. दिवसभरात त्यांचं बोलणं एवढंच व्हायचं : दूधवाल्याला "अर्धा", आणि घराला "झालं का शिकून?"

चव्वेचाळिसाव्या दिवशी त्यांनी पाचरी काढल्या, नळी गुंडाळली, कपाटांच्या खिट्या लावल्या. एकही चूक केली नाही. पुढच्या आसनावर बसून पट्टा बांधला आणि पुढच्या मुक्कामाचं, आंबोलीचं, नाव घेतलं.

पाटी उजळली. ‘रहिवासी एक.’

वृषालीताईंनी सुटकेचा श्वास टाकला, तोच खालची ओळ आली. ‘रहिवासी बाहेर आहेत. थांबतो. आत असलेल्या पाहुण्यांनी कृपया उतरून घ्यावे.’

नदाफांना लावलेल्या फोनवर त्या पहिलं वाक्य बोलल्या ते असं : "नदाफ, तुमच्या घरानं मला हाकललं."

पलीकडे नदाफ आधी खुणा वाचत असावेत. "ताई, घराच्या मते इथं जो राहतो तो साडेसहाला उठतो. साखर खात नाही, लसूण खात नाही. बातम्या ऐकतो. वाऱ्याला, धुळीला जपतो. फारसा हिंडत नाही, बसून असतो."

"हा दादा," वृषालीताई म्हणाल्या.

"आणि दुसरी जुडी होती. गोड चहा, ठेचा, दुपारची खिडकी. तुमची पावलं त्या जुडीला बांधलेली होती. ती जुडी वीस दिवसांत सुकली. आता पावलं उरलीत, पण ती सगळी त्या रहिवाशासाठीच चालतात. म्हणजे कामाला आलेलं कुणीतरी. घर अशांना पाहुणे म्हणतं." नदाफ चाचरले. "ताई, मी म्हणालो होतो एकट्या माणसासारखं राहा. तुम्ही दादांना ठेवलंत आणि स्वतःला काढलंत."

वृषालीताईंनी फोन मांडीवर ठेवला. रडू येत नव्हतं. प्रयोगशाळेत एखाद्या तबकातलं एकही बी उगवलं नाही, की नोंद करण्यापूर्वी त्या क्षणभर थांबायच्या, तशा थांबल्या होत्या.

मग त्यांनी तो फोन केला, जो करायचा नाही असं ठरवलं होतं.

दादा पंचेचाळिसाव्या दिवशी सकाळी एस.टी.नं आले. "अगं, यात काय एवढं? मी बसतो घटकाभर, तुझं घर मला ओळखेल, आंबोलीपर्यंत सोडीन आणि येईन परत." त्यांच्या हातात वहिनींनी दिलेला डबा होता. चालताना ते पूर्वीसारखे थांबत नव्हते, हे वृषालीताईंनी पाहिलं.

मुदत संपलेलं घर ओढून नेणारी ओढगाडी चारला येणार होती. नदाफांनी सांगितलं होतं, की तासदोन तास दादांनी नेहमीसारखं वागावं. घराला तेवढं पुरेल.

दादा आत आले आणि पहिल्यांदा त्यांनी पश्चिमेची खिडकी उघडली. "काय कोंडून घेतलंयस गं! समोर एवढं पाणी आहे."

"तुला शिंका येतात."

"त्या सांगलीत यायच्या. फ्लॅटच्या मागं पिठाची गिरणी होती."

वृषालीताईंनी चहा टाकला, त्यांच्यापुढं कप ठेवला. दादांनी घोट घेतला, उठून फळीवरून डबा काढला आणि दोन चमचे साखर ढवळली. फळी दोन चमच्यांनी हलकी झाली.

"दादा, तुला साखर चालते?"

"चालते की."

"बावीस वर्षं मी बिनसाखरेचा दिला!"

"डॉक्टरांनी दोन महिने सांगितलं होतं. पुढं तूच देत राहिलीस."

"मग मागितली का नाहीस?"

"तू मुद्दाम करतेयस तर कशाला मोडायचं, म्हणून पीत राहिलो," दादा अपराध्यासारखे म्हणाले. "मला वाटलं, तुलाच आवडत असेल तसं."

सातच्या बातम्या वृषालीताईंनी दादांसाठी दहाला पुन्हा लावल्या, तेव्हा दादा म्हणाले, "बंद कर गं ते. तुझ्यासाठी ऐकायचो मी." मग त्यांनी वहिनींचा डबा उघडला. लसणाच्या चटणीचा वास घरभर झाला. बारा वाजता दोघं पुढच्या आसनांवर बसली, पट्टे बांधले. दादांनी हौसेनं स्वतः आंबोलीचं नाव घेतलं.

पाटीवर अक्षरं आली. ‘पाहुणे दोन. रहिवासी बाहेर आहेत. थांबतो.’

दादा हसायला लागले. हसता हसता त्यांनी बहिणीकडं पाहिलं आणि थांबले.

"मग हे घर कुणासाठी थांबलंय, वृषा?"

साडेसहाला उठणारा, साखर न खाणारा, खिडकी न उघडणारा तो माणूस सांगलीच्या फ्लॅटमध्ये वर्षानुवर्षं राहिला होता. दोघांनी मिळून त्याची बडदास्त ठेवली होती. तो कधी जन्मला नव्हता, म्हणून मरणारही नव्हता. घर मात्र त्याच्या वाटेकडं डोळे लावून बसलं होतं. अर्थात डोळे लावायलाही बंदी होती.

"कुणासाठी नाही," वृषालीताई म्हणाल्या आणि नदाफांना फोन लावला. "समजा रहिवासी आलाच नाही, तर?"

"तीन दिवस आत कुणीच नसेल तर घर स्वतःला रिकामं मानतं," नदाफ म्हणाले. "सगळ्या जुड्या गळून पडतात. रिकाम्या घराला, माणूस बाहेर पडल्या क्षणापासूनच, मुदत लागू नाही. ओढगाडी ते आपल्या आवारात नेऊन ठेवील, पण परवाना जात नाही. पुढं जो आत शिरेल, तो नवा रहिवासी. त्याचे पंचेचाळीस दिवस पहिल्यापासून. पण ताई, त्याला खुणा लागतील. त्याच्या स्वतःच्या."

"तीन दिवस आमच्याकडे चल," दादा म्हणाले. "तुझी वहिनी वाट बघतेय."

"नको. तुझ्याकडं आले तर तुमच्या वेळेला उठेन."

दादांना ते लागलं असावं. जाताना डबा पायरीवर ठेवून गेले. चारला ओढगाडी आली. ‘आत कुणी नाही ना?’ असं चालकानं विचारलं, आणि वृषालीताईंनी कायद्यानं खरं असलेलं उत्तर दिलं.

तीन दिवस त्या आवारासमोरच्या लॉजवर राहिल्या. चौथ्या दिवशी दुपारी त्यांनी घराची पायरी चढली. पाटी कोरी होती. संध्याकाळ कशी घालवावी हे न सुचून त्या लवकर झोपल्या.

सकाळी जाग आली तेव्हा सहा वाजून वीस मिनिटं झाली होती. अंग सवयीनं उठायला निघालं, त्यांनी त्याला थोपवलं. साडेसहा झाले. पावणेसात. बाहेर आवाराचं फाटक उघडल्याचा आवाज आला. इथं राहणारी बाई किती वाजता उठते, हे घराला अजून ठाऊक नव्हतं. ते कळण्यासाठी ते अगदी निःशब्द थांबलं होतं, आणि पांघरुणाखाली डोळे उघडे ठेवून वृषालीताईही.