दाराबाहेरचे मांजर

"डॉक्टर, एक मांजर मारायचं आहे. साडेबारापर्यंत उरकलं तर बरं होईल, आम्हाला निघायचं आहे."

चाळीस वर्षांच्या व्यवसायात पशुवैद्यांनी नाना तऱ्हेच्या विनंत्या ऐकल्या होत्या. मृत्यूची वेळ ठरवून देणारी ही पहिलीच. आवाज तरुण स्त्रीचा होता, घाईचा होता, पण निर्दय नव्हता.

"आजारी आहे का?"

"छे, चांगलं ठणठणीत आहे. त्यानं आत्याचा पक्षी खाल्लाय."

"माझा नंबर कोणी दिला?"

"काकांनी. मांजर त्यांचंच. म्हणाले, बोलवायचंच असेल तर ह्यांनाच बोलवा, दुसऱ्या कोणाला मी हात लावू देणार नाही."

पत्ता विचारण्याची गरज नव्हती. डॉक्टरांनी बॅग उचलली. रविवार होता. दवाखाना बंद होता आणि दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, जिथे ते राहत, तिथे पत्नी गेल्यापासून रविवार आणि सोमवार यांत काही फरक उरला नव्हता.

त्या घरात दोन माणसे राहत. थोरली ताई, निवृत्त शिक्षिका, अविवाहित. तिच्याहून तीन वर्षांनी धाकटा भाऊ, घड्याळजी, विधुर. ताईचे पक्षी आणि भावाचे मांजर. नऊ वर्षांपूर्वी भावाच्या तेव्हाच्या मांजराने ताईच्या एका पक्ष्याला नुसते तोंडात धरून सोडून दिले होते. टाचणीच्या टोकाएवढी जखम. पण मांजराच्या लाळेतील जंतू पक्ष्याला एका दिवसात संपवतात, आणि डॉक्टरांना बोलावणे आले ते दुसऱ्या संध्याकाळी. पक्षी दगावला. बहीणभावांत अबोला आला, तो कायमचा.

त्या दिवशी डॉक्टरांनी नियम घालून दिले होते. मांजर आणि पक्षी एका छपराखाली राहू शकतात, एका खोलीत मात्र कधीही नाही, मग मांजर कितीही गरीब असो. पक्ष्यांच्या खोलीचे दार उघडण्यापूर्वी मोठ्याने विचारायचे, "मांजर आत?" भावाने आपल्या कामाच्या खोलीत मांजर कोंडून मगच उत्तर द्यायचे, "आत." दिवसातून चार वेळा. नऊ वर्षे त्या घरात याखेरीज दुसरे संभाषण झाले नव्हते. आपण औषध दिले की रोग, याचा निवाडा डॉक्टरांना अजून करता आला नव्हता.

दार पुतणीने उघडले. अंगणात तिची गाडी, गाडीत निम्मे सामान.

"आत्याला मी माझ्याकडे नेतेय," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे. पक्षीसुद्धा घेऊन जाणार होतो. आता एकच उरला. आत्या म्हणते, ते मांजर जिवंत असेतो मी या घराचं तोंड पाहणार नाही. तुम्ही ते मांजर..."

"आधी पक्ष्यांची खोली."

खोलीत ताई बांधलेल्या ट्रंकेवर बसली होती. मांडीवरच्या रुमालात सात पिसे. ती त्यांच्याकडे पाहत नव्हती. एकेक बोटाने चाचपत होती. मोठ्या पिंजऱ्यात एकटा नर होता, कॉकटील जातीचा, राखाडी अंगाचा, डोक्यावर पिवळा तुरा असलेला.

"ताई, शेवटचं कधी पाहिलंत मादीला?"

"काल रात्री. पिंजऱ्यावर पांघरूण घातलं तेव्हा दोघं चिकटून बसली होती."

"सकाळी?"

"आठला पांघरूण काढलं. हा एकटा."

"पिंजऱ्याचं दार?"

"लावलेलं."

"खोलीचं?"

"तेही." ताई थबकली. "मला वाटतं, तेही. पण मला आताशा दिसत नाही, डॉक्टर. रात्री उघडं राहिलं असेल, सकाळी हातानं आपसूक लावलं असेल. चूक माझीच असणार."

"आत्या, तुझी कसली चूक!" पुतणी उसळली. "खिडक्यांना जाळी, खाली पिसं, मांजर रात्रभर मोकळं. आणखी काय पुरावा हवा, त्याची सही? आणि दारं उघडतात हो मांजरं. मी व्हिडिओ पाहिलेत."

"उघडतात," डॉक्टर म्हणाले. "उघडल्यावर मागे लावून घेताना मात्र मी अजून एकही पाहिलं नाही."

त्यांनी पिसे उजेडात धरली. प्रत्येकाचे टोक कोरडे, निमुळते, स्वच्छ. एकही मोडलेले नाही, कशावरही रक्ताचा ठिपका नाही.

"खोली शेवटची कधी झाडलीत?"

"रोज झाडते. हे दोन दिवस मात्र बांधाबांधीत राहून गेलं."

डॉक्टर नराकडे वळले. तो दाणे फोडत होता. मग मान वर करून त्याने दोन सुरांची शीळ घातली आणि तुरा उभारून, मान वाकडी करून डावीकडच्या भिंतीकडे पाहत राहिला. थोड्या वेळाने पुन्हा दाण्यांकडे वळला.

"या भिंतीपलीकडे काय आहे?"

"त्याची कामाची खोली," ताई म्हणाली. भावाचे नाव तिने घेतले नाही.

"आणि पक्षी प्रवासात कशातून नेणार होतात?"

"जुना लहान पिंजरा आहे ना. दाराची स्प्रिंग गेली होती. तीन दिवसांपूर्वी हिच्या हातून त्याच्याकडे दुरुस्तीला पाठवला."

बोळात कामाच्या खोलीचे दार बंद होते. दारासमोर ते करडे मांजर बसले होते. नाक दाराच्या फटीला लावलेले, शेपटीचे टोक तेवढे हलत होते. डॉक्टरांनी त्याला उचलले. मांजरांचे आणि त्यांचे व्यवसायाबाहेर कधी जमले नव्हते. यानेही शिष्टाचार म्हणून एक बोचकारा काढला. त्यांनी त्याचे तोंड उघडून पाहिले, पोट चाचपले, बॅगेतून मूठभर खाणे काढून पुढे ठेवले. ते त्याने अधाशासारखे फस्त केले आणि परत फटीला नाक लावले.

आतून घड्याळाचे ठोके पडले. अकरा. डॉक्टरांनी मनगटाकडे पाहिले. अकराला सात मिनिटे कमी होती. लगेच दुसऱ्या घड्याळाने साडेदहाचा एक ठोका दिला, मग तिसऱ्याने दहा.

त्यांनी दार वाजवले. ते वीतभर उघडले. घड्याळजी तिरका होऊन बाहेर आला आणि दार पाठीने लावून घेतले. डोळे सुजलेले होते.

"आलात? बरं झालं."

"मांजर रोज कुठे असतं?"

"आत. माझ्या टेबलावर."

"आणि आज, त्याच्या जिवावर बेतलेलं असताना, बाहेर?"

"आज बाहेरच बरं आहे त्याला."

"घड्याळं एकमेकांशी भांडताहेत वाटतं."

"जुनी झाली, डॉक्टर. माणसांसारखीच."

"प्रवासाचा पिंजरा झाला का दुरुस्त?"

आत आणखी एक घड्याळ वाजू लागले.

डॉक्टरांनी तिघांनाही त्या बोळातच उभे केले. ताईला खुर्ची दिली. मांजर सर्वांच्या पायांमध्ये होते.

"हे मांजर निर्दोष आहे," ते म्हणाले. "मांजराने उपटलेलं पीस मोडतं, ओलं होतं, मुळाशी कातडीचा कण घेऊन येतं. ही पिसं आपोआप गळलेली आहेत. दोन दिवस केर काढला नाही, म्हणून ती दिसली. तुम्ही ज्याला खून समजलात, तो केर होता."

"मग मादी कुठे गेली?" पुतणीने विचारले.

"तेच सांगतो. मांजर आत शिरलं असतं तर दुसरा पक्षी भीतीने पिंजऱ्यावर आपटला असता, त्याची पिसं विस्कटली असती. हा निवांत दाणे खातो आहे. आणि मांजर उपाशी आहे. एवढ्यावरून मांजर सुटलं. आता या नराचं पाहा. कॉकटीलची जोडी फुटली की उरलेला पक्षी दिवसभर आक्रोश करतो. हा एकदा हाक मारतो, भिंतीकडे कान देतो आणि समाधानाने खायला लागतो. याचा अर्थ त्याला उत्तर मिळतं. आपल्याला ऐकू येत नाही, कारण भिंतीपलीकडे घड्याळं वाजत असतात."

पुतणी काकांकडे पाहू लागली.

"ज्या माणसाची घड्याळं चाळीस वर्षं एका ठोक्यात वाजली, त्यानं आज ती मुद्दाम मागेपुढे लावली आहेत, म्हणजे सतत काही ना काही वाजत राहावं. पिंजरा त्याच्याकडे आहे. त्यानं मलाच बोलवायला सांगितलं, कारण निरोगी जनावराला मी सुई टोचत नाही हे त्याला पक्कं ठाऊक आहे. दुसरा कोणी आला असता तर धोका होता. एवढं सगळं त्यानं विचारपूर्वक केलं. एकच गोष्ट मात्र न विचारता केली. पक्षी खोलीत आला म्हणताच त्यानं मांजर बाहेर काढलं. चोरी करतानासुद्धा त्याला नियम मोडवला नाही. मी सारा वेळ त्या दाराबाहेरच्या मांजराकडेच पाहत होतो."

घड्याळजीने मांजराला उचलून पुतणीच्या हातात दिले, मग दार उघडले. टेबलावर, उघड्या पडलेल्या घड्याळांच्या मधोमध, अर्ध्या झाकलेल्या लहान पिंजऱ्यात मादी बसली होती. पलीकडून शीळ आली. तिने हळूच उत्तर दिले.

ताईने ते ऐकले. हात चाचपडत ती पिंजऱ्यापर्यंत गेली, दारावरून बोटे फिरवली. नवी स्प्रिंग घट्ट बसली होती.

"का केलंस?" "मांजर आत?" सोडून नऊ वर्षांतला तो पहिला प्रश्न होता.

"वाटलं, मादी सापडेपर्यंत तू निघणार नाहीस. एक दिवस राहशील, दोन दिवस. मांजराचं नाव निघेल हे डोक्यातच आलं नाही. आणि निघालं तेव्हा..." तो थांबला. "तेव्हा तोंड उघडायचं म्हणजे हेही सांगावं लागलं असतं."

"काय सांगावं लागलं असतं?"

"की जाऊ नकोस."

"मला वाटत होतं, माझे डोळे गेले," ताई म्हणाली. तिचा आवाज चढला. "मी सकाळपासून स्वतःला दोष देतेय, की माझ्या हातानं पोरीला मांजराच्या तोंडी दिली! तू भिंतीपलीकडे बसून ते ऐकत होतास?"

"हो."

"मेल्या, वय काय तुझं!"

"एकोणसत्तर," घड्याळजी म्हणाला, शाळेतल्या मुलासारखा खाली मान घालून. पुतणीला हसू आवरेना, आणि हसता हसताच तिने डोळे पुसले.

ताई मात्र हसली नाही. "मी जाणार," ती म्हणाली. "हिनं डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. डोळे नकोत का मला? गेल्या सोमवारी म्हणाला असतास, तर हिला सांगून आठवडाभर पुढे ढकललं असतं. नऊ वर्षांत कधीही म्हणाला असतास."

"ऑपरेशननंतर?"

"दिसायला लागलं तर पाहू."

आशा म्हणावी इतके काही त्या वाक्यात नव्हते, आणि नकार म्हणावा इतकेही नव्हते. तर्काला मानणाऱ्या डॉक्टरांना तेथे कोणताच निष्कर्ष काढता आला नाही.

बारा वाजता सामान गाडीत गेले. जोडी लहान पिंजऱ्यात एकत्र आली. ताईने पिंजरा उचलला. दाराशी तिचे पाऊल चुकले. घड्याळजीने तो हातातून घेतला.

"सहा तासांचा रस्ता आहे," तो म्हणाला. "खड्ड्यांत कोणीतरी धरून बसायला हवं. मी पोचवून येतो."

"काका, तुम्ही? चपला तरी बदला!"

त्याने चपला बदलल्या, दारापर्यंत गेला आणि परत फिरला. मांजर बोळात उभे होते.

"मी थांबतो," डॉक्टर म्हणाले.

"परत यायला मला उद्या दुपार होईल."

"मला कुठे जायचंय?"

गाडी वळली. मागच्या काचेतून दोन पिकलेली डोकी आणि मधे तो पिंजरा दिसला. ती दोघे काही बोलत होती की नव्हती, हे इतक्या दुरून सांगता येत नव्हते.

डॉक्टरांनी दार लावले, बॅग कोपऱ्यात ठेवली आणि खुर्ची ओढून बसले. मांजर मांडीवर आले नाही. हातभर अंतर राखून जमिनीवर बसले आणि दाराकडे पाहू लागले. डॉक्टरही पाहू लागले. त्यांच्या स्वतःच्या घरी त्यांची वाट पाहणारे कोणी नव्हते. इथे निदान त्यांना कोणाची तरी वाट पाहता येत होती.